हरकती निरंक

आमचं सर्कल आता कुठल्याच कागदावर नाही. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी जिल्ह्याचे जे तुकडे पाडतात त्यांना सरकार गट म्हणतं, आमच्या भंडारा जिल्ह्यात सगळे सर्कलच म्हणतात. साकोली तहसिलीत, हमरस्ता सोडून आत गेलं की सात गावं आणि त्यांच्या टोल्या, म्हणजे वाड्या, मिळून आमचं सर्कल होतं. ते दोनदा मोडलं. पहिल्यांदा त्यातली तीन गावं कापून दुसरीकडे जोडली. दुसऱ्यांदा उरलेल्या चारांची वाटणी झाली आणि नावच गेलं. दोन्ही वेळा मी साकोलीच्या तहसील ऑफिसात नोकरीला होतो. दुसऱ्या वेळी माझा हात नव्हता. पहिल्या वेळी होता, आणि ते मी आजवर एकाच माणसाजवळ बोललो आहे.

सात गावांचं एक सर्कल का, तर तलाव एक. मालगुजारीच्या काळातला तलाव, पुढे सरकारजमा होऊन जिल्हा परिषदेकडे आला. तलाव आमच्या गावाच्या डोक्यावर. मी त्याच गावचा. तिथून निघालेली नहर एकेका गावाच्या बांध्या भिजवत खाली सातव्या गावापर्यंत जायची. बांध्या म्हणजे आमच्याकडची धानाची शेतं, चहूकडून बांध घातलेली. त्या सातव्या, अगदी शेवटच्या गावात माझी मोठी बहीण दिलेली होती.

पाण्याचा रिवाज असा होता. पाऊस बरा झाला तर काही प्रश्न नाही, ज्याला लागेल त्याने घ्यावं. पण धान निसवायच्या वेळी पावसाने दगा दिला आणि तलावातलं पाणी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, एका ठरलेल्या दगडाखाली उतरलं, की पाणी शेवटून सुरू व्हायचं. आधी सातवं गाव, मग सहावं, मग पाचवं. तलाव ज्यांच्या दाराशी ते सगळ्यात मागून. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण म्हातारे समजावून सांगत की वरच्याने आधी घेतलं तर खालच्यापर्यंत थेंब पोचत नाही. शेवटच्याला न्यायचं ठरलं तर वाटेतली नहर ओली होते, पाझर सगळ्यांना मिळतो. आणि पाणी वाटणारा पाणकर नेहमी शेवटच्या गावचा असायचा. सहा गावांपुढून पाणी न्यायचं तर नेटाने नेणारा तोच, त्याची स्वतःची बांधी सगळ्यात खाली.

मी सांगतो त्या काळात पाणकर होते माझ्या बहिणीचे सासरे. काटक म्हातारा, खांद्यावर फावडं, बोलणं बेताचं. बहीण त्यांना मामाजी म्हणायची म्हणून मीही मामाजी म्हणे.

सर्कल झालं तेव्हा निवडणुकीलाही हाच रिवाज चिकटला. तो कोणी लिहून ठेवला नव्हता. उभ्या राहणाऱ्या माणसाने पोळ्यानंतर एक दिवस तलावाच्या पाळीवर यायचं, सात गावची माणसं जमायची, आणि सगळ्यांसमोर त्याने तोंडाने म्हणायचं, पाणी शेवटून. एवढंच. भाषण दिलं नाही तरी चालेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या निवडणुकीत आमच्या गावचे पाटील उभे होते. ते पाळीवर आले, चहा वाटला, रस्ता आणतो म्हणाले, दवाखाना आणतो म्हणाले, आणि ते दोन शब्द तेवढे म्हणाले नाहीत. म्हाताऱ्यांपैकी कोणी आठवण करून दिली तेव्हा हसून म्हणाले, ‘‘तलाव काय माहा हाये? देवाचं पानी, देव वाटन.’’ मागून एकजण बोलला, ‘‘मंग मत बी देवालेच देतो जी.’’ लोक हसले. पाटीलही हसले, पण खालच्या तीन गावांनी खरंच त्यांना मत दिलं नाही. मधल्या गावचा एक साधा शेतकरी, सायकलवर फिरणारा, निवडून आला. पाटील थोड्याच मतांनी पडले. गावात ते हसूनच वागत राहिले, पण त्या तीन गावांची नावं कोणी काढली की सुपारी कातरायला घेत.

मी मॅट्रिक झालो आणि पाटलांनीच मला तहसील ऑफिसात लावून दिलं. हंगामी कारकून. आमच्या घरात शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. बाप त्यांच्या शेतावर वर्षानुवर्षं खपलेला. पाटलांनी मला कधी उपकार बोलून दाखवला नाही, हे सांगितलं पाहिजे. तसा तो माणूस वाईट नव्हता. त्यांना निवडून यायचं होतं. मला कायम व्हायचं होतं. मला तिथं आवक-जावकचं टेबल मिळालं. येणारा कागद घ्यायचा, रजिस्टरात नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, मागितली तर पोच द्यायची आणि कागद साहेबांपुढे ठेवायचा. काम सोपं. पण त्या टेबलावरून जो कागद पुढे गेला नाही, तो सरकारच्या लेखी जन्मलाच नाही. हे मला पहिल्याच महिन्यात हेडक्लार्कने शिकवलं होतं, कागद हरवू नये म्हणून.

दशक संपत आलं तशी पुन्हा निवडणूक लागली आणि तिच्याआधी सर्कलांच्या हद्दी नव्याने आखायचा हुकूम आला. लोकसंख्या सारखी करा, नाला, रस्ता, टेकडी असं काही नैसर्गिक पाहून हद्द धरा. नकाशा टेबलावर पसरला होता. नायब तहसीलदार साहेब घाटावरचे, आमच्या भागात नवीन. त्यांनी आमच्या सर्कलवर पेन्सिल फिरवली. चौथ्या आणि पाचव्या गावामध्ये एक नाला आहे, त्यावरून त्यांनी रेघ ओढली. वरची चार गावं इकडे, खालची तीन शेजारच्या सर्कलला. मग मान वर करून त्यांनी मला विचारलं, ‘‘तू तिकडचाच ना रे? बरोबर आहे ना हे?’’

आता इतक्या वर्षांनी वाटतं, तो माणूस खरंच विचारत होता. मी सांगितलं असतं की साहेब, नाला आहे खरा, पण नहर त्यावरून मोरीने पलीकडे जाते आणि ही सात गावं एका पाण्याची आहेत, तर त्यांनी बहुतेक रेघ खोडली असती. नकाशावर नहर दाखवलेली नव्हती. मी पाहिलं, रेघेखाली बहिणीचं गाव होतं. रेघेवर पाटील होते. मी म्हटलं, ‘‘नाला आहे साहेब.’’ ते खोटं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस स्वतःला निर्दोष समजत होतो.

नव्या हद्दींचं प्रारूप नोटीस बोर्डावर लागलं. हरकत घ्यायची तर अमुक तारखेपर्यंत लेखी घ्यावी, असं खाली लिहिलं होतं. तो दिवस शनिवारचा. त्याआधी दोन दिवस, गुरुवारी दुपारी मामाजी आले. पायी हमरस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने. धोतर पांढरंशुभ्र, ठेवणीतलं असणार. हातात एका जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेला अर्ज. शाळेच्या मास्तरांच्या सुरेख अक्षरात तो लिहिला होता. खाली तिन्ही गावांच्या सह्या आणि अंगठे, काही पुसट, काही इतके जोरात दाबलेले की शाई बाहेर फुटली होती. अर्जात पाण्याचा सगळा रिवाज मांडला होता. तलाव एका सर्कलला आणि त्याखालच्या बांध्या दुसऱ्या सर्कलला गेल्या तर आमची दाद घ्यायला सभासद राहणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य होतं, त्याच्याखाली दोनदा रेघ मारली होती.

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. माझ्या हातात अर्ज देऊन उभे राहिले, मग जरा चाचरत म्हणाले, ‘‘बाबू, मास्तर म्हने पोच घेऊन या. देता काय?’’

मी म्हटलं, ‘‘घरच्या मानसाले पोच कायले लागते, मामाजी?’’

मी हे मुद्दाम म्हटलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. रजिस्टर पलीकडच्या टेबलावर साहेबांनी मागवलेलं होतं, उठून आणावं लागलं असतं, आणि सोयऱ्याला शिक्का मारून कागद देणं मला परकेपणाचं वाटलं. त्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांचा चेहरा एकदम शरमलेला झाला. ‘‘नाही नाही, मास्तरनं म्हटलं म्हनून. तू आहेस म्हनल्यावर काय पाह्यचं,’’ असं म्हणत त्यांनी हात जोडले. सोयऱ्याने सोयऱ्याकडे कागद मागावा, ही त्यांना आपलीच चूक वाटली. आमच्याकडे लग्नं पाहुण्यांच्या शब्दावर ठरतात, बांध शब्दावर सरकतात. सोयरीक असेल तिथं कागद मागणं म्हणजे सोयरिकीवर संशय घेणं. मी त्यांना हॉटेलात चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. ते खिडकीतून म्हणाले, बहिणीला दिवाळीला न्यायला लवकर ये. अर्ज मी ड्रॉवरात ठेवला होता. रजिस्टर आलं की चढवू, असं मनात होतं.

शुक्रवारी पाटील साकोलीला आले. त्यांचं काही बी-बियाण्याचं काम होतं. मला बाहेर बोलावून घेतलं, त्याच हॉटेलात बसलो. घरची विचारपूस झाली. मग म्हणाले की माझा कायमचा हुकूम भंडाऱ्याला कुठल्याशा टेबलावर पडून आहे असं ऐकलं, सोमवारी ते जाणारच आहेत, पाहतील. त्यांनी एवढंच म्हटलं. चहा संपला, उठले, चपला घालता घालता, जसं काही आठवलं म्हणून विचारावं तसं म्हणाले, ‘‘कोनी हरकत-बिरकत घेतली काय गा?’’

‘‘नाही जी,’’ मी म्हटलं.

या दोन शब्दांबद्दल मी खूप विचार केला आहे. पाटलांनी मला धाक घातला नव्हता. अर्ज दाबून ठेव, असं ते कधी बोलले नाहीत, पुढेही कधी त्याबद्दल काही विचारलं नाही. अर्ज आल्याचं त्यांना माहीत तरी होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी हो म्हटलं असतं तर ते फार तर ‘‘बरं’’ म्हणून गेले असते. माझ्या तोंडातून ‘नाही’ निघालं ते मी काही ठरवायच्या आधीच. आणि एकदा ते निघाल्यावर, अर्ज रजिस्टरात चढवणं म्हणजे पाटलांना खोटं बोललो हे उघडं करणं झालं. म्हणजे त्या क्षणी मला मामाजींना फसवण्यापेक्षा पाटलांपुढे खोटं पडण्याची भीती जास्त होती. त्यापुढचं सगळं मी त्या भीतीने केलं. दुसरं कारण शोधून सापडलं नाही.

शनिवारी ऑफिस दुपारी सुटायचं. हेडक्लार्कने विचारलं, आमच्या भागातून काही आलं का. मी नकारार्थी मान हलवली. प्रत्येक सर्कलपुढे हरकतींचा तपशील भरायचा एक तक्ता होता. जिथं काहीच नसतं तिथं सरकारी कागदात ‘निरंक’ लिहितात. आमच्या सर्कलपुढे तो शब्द मी माझ्या अक्षरात लिहिला. अर्ज जाळायची किंवा फाडायची मला हिंमत झाली नाही. त्यावर एवढे अंगठे होते. जुनी, बंद झालेली प्रकरणं फडक्यात बांधून रेकॉर्ड रूमला जायची, त्यातल्या एका बस्त्यात मी तो मधेच सरकवला आणि गाठ मारली. महिनाभराने माझा कायमचा हुकूम आला. घरी आईने साखर वाटली.

निवडणूक झाली. या खेपेला पाळीवर कोणी कोणाला बोलावलं नाही. पाटील वरच्या चार गावांतून सहज निवडून आले.

पहिल्या वर्षी पाऊस चांगला पडला आणि काही कळलं नाही. मला वाटलं, निभलं. त्याच्या पुढच्या वर्षी भादवा कोरडा गेला. धान पोटरीत आलेला, आता पाणी पाहिजे की नंतर कधीच नाही, अशी वेळ. तलाव त्या दगडाच्या खाली उतरला. मामाजी फावडं घेऊन सहा गावं ओलांडून पाळीवर आले. तिथं नवा पाणकर बसलेला होता, आमच्या गावचा. तिथं काय झालं ते मला माझ्या बापाने सांगितलं, तो होता. भांडण नाही, शिवीगाळ नाही. म्हाताऱ्याला घोंगडीवर बसवलं, तंबाखू दिली. नवा पाणकर त्यांना मान देऊनच बोलत होता.

‘‘बुवा, आता तुमचं सर्कल अलग झालं. तुमच्या सभासदाले सांगा.’’

मामाजी म्हणाले, सर्कल अलग झालं असेल, नहर तर तीच आहे.

‘‘नहर तेच हाये जी. पन आमाले विचारनारा आता वरचाच हाये ना.’’

माझा बाप मला हे सांगताना खाली पाहत होता. तो पाटलांकडे होता, त्यालाही काही बोलता आलं नव्हतं. पाणी वरच्या चार गावांनी घेतलं. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या गावालाही पुरतं भागलं नाही, पण ते पाटलांच्या सर्कलात, त्यांनी आपलं गाऱ्हाणं पाटलांपुढे घातलं आणि पुढच्या वर्षी काहीबाही मिळवलं. खालच्या तिघांनी आपल्या नव्या सभासदाकडे खेटे घातले. तो माणूस वाईट नव्हता म्हणतात. पण त्याने हात वर केले. तलाव त्याच्या सर्कलात नव्हता आणि त्याच्या सर्कलात ही तीन गावं म्हणजे शेपटाला बांधलेली चिंधी. त्यांच्या मतांनी त्याचं काही बिघडत नव्हतं.

कार्तिकात मामाजी पुन्हा माझ्या टेबलापुढे उभे राहिले. या वेळी धोतर मळकं होतं. शेतात उभा वाळलेला धान ते जनावरांसाठी कापून आले होते. त्यांनी आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाले, ‘‘बाबू, आपल्या अर्जाचं काय झालं होतं?’’

वर्ष-दीड वर्ष मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर तयार होतं. मी म्हटलं, ‘‘साहेबांनी नामंजूर केला, मामाजी.’’

‘‘मले बोलावलं नाही?’’

‘‘त्यायले गरज नाही वाटली.’’

त्यांनी माझ्या टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे पाहिलं. मग विचारलं, ‘‘वाचला ना पन? पूर्न वाचला?’’

‘‘हो. पूर्ण वाचला.’’

‘‘मंग झालं,’’ ते म्हणाले. ‘‘वाचून नाही म्हटलं त काय करतं मानूस.’’

त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला ते फार लागलं. मी अर्ज दाबला तेव्हा तीन गावांचं पाणी घालवलं. पण त्या दिवशी जे बोललो ते मी त्याहून वाईट समजतो. कारण अर्ज पोचलाच नाही असं मी कबूल केलं असतं, तर माझी नोकरी गेली असती, पण त्यांना भंडाऱ्याला कलेक्टरांकडे जाता आलं असतं. निदान मास्तरांनी पुन्हा एक कागद लिहिला असता. वाचून नाही म्हटलं, हे ऐकल्यावर मामाजींनी गावात जाऊन तेच सांगितलं आणि तीन गावांनी विषय संपवला. आमची माणसं अर्ज करतात तो एकदाच. साहेबाने वाचून नाही म्हटल्यावर पुन्हा तोच अर्ज घेऊन जाणं त्यांना निलाजरेपणाचं वाटतं.

पुढच्या दहा वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि न घडणं हेच घडत होतं. जिल्हा परिषदेची निवडणूकच लागेना. मुदत संपली की वाढे, पुन्हा संपे, पुन्हा वाढे. पाटील सभासद ते सभासदच. खालच्या गावांनी दोन वर्षं तलावाची वाट पाहिली, मग रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कमी केला, मग रोपांचे पऱ्हेच टाकेनासे झाले. बांध्यांत लाखोळीची डाळ पेरली, तीही ओल नसली की येईना. नहर कोणी साफ करत नाही म्हटल्यावर तिच्यात बेशरमची झुडपं माजली. नाल्यावरची मोरी एका पावसात खचली, ती दुरुस्त करायची कोणी, तर अर्धी या सर्कलात आणि अर्धी त्या. तो कागदही माझ्या टेबलावरून गेला. मी त्याला नंबर दिला, शिक्का मारला, पुढे पाठवला. तो फिरून परत आला, आपल्या हद्दीत येत नाही असा शेरा घेऊन.

भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, बहिणीला आणि दोन पोरांना घेऊन तुमसरला गेले. राईस मिलमध्ये पोती वाहायचं काम. ज्या माणसाने स्वतःच्या शेतात दरसाल धान पिकवला, तो आता दुसऱ्यांचा धान पाठीवर घेऊन ट्रकातून मिलमध्ये आणि मिलमधून वखारीत टाकायचा. बहीण मिलच्या अंगणात उकडलेला धान पायाने पसरायची. मामाजी गेले नाहीत. म्हणाले, पाणी सुटलं आणि पाणकर गावात नाही असं नको. ते एकटेच राहिले आणि तसेच एका उन्हाळ्यात गेले. मी खांदा दिला. त्यांच्या माजघरात फावडं उभं होतं, धार लावलेलं. मी ते पाहिलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

ऐंशीचं दशक सरता सरता पुन्हा हद्दी आखायचं निघालं. तोवर मी वरिष्ठ लिपिक झालो होतो. या खेपेला आमची वरची चार गावंही दोन-दोन करून वेगवेगळीकडे गेली आणि सर्कलचं नाव यादीतून उडालं. मी प्रारूप बोर्डावर लावलं. रोज पाहत होतो, कोणी येतं का. आवकचं रजिस्टर मी स्वतःच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही, शेवटच्या दिवशीही नाही. पाटील थकले होते, त्यांना रस नव्हता. खाली तर माणसंच उरली नव्हती. संध्याकाळी तक्ता भरला. आमच्या सर्कलपुढे पुन्हा निरंक लिहिलं, आणि या वेळी ते खरं होतं.

त्या वर्षी मी तुमसरला गेलो आणि बहिणीला सांगितलं. दुपारची वेळ, मिलच्या अंगणात धान वाळत घातलेला, ती अनवाणी त्यात फेऱ्या घालत होती. भाऊजी ट्रकवर होते. मी कडेला उभं राहून सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाल्याची रेघ, पोच, पाटलांना म्हटलेलं ‘नाही’, बस्ता, मामाजींना म्हटलेलं ‘हो’. ती थांबली नाही. धानातून पाय ओढत जाई, परत येई, जवळ आली की मी पुढचं बोले. मला वाटत होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा धानाची मूठ माझ्या तोंडावर फेकेल. यातलं काहीही मला चाललं असतं.

सगळं झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पायांना तूस चिकटलेलं.

‘‘यायले सांगू नको,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, भाऊजींना सांगायलाच आलो आहे. त्यांच्या पायावर डोकं ठेवतो.

‘‘आन् मंग? तुवं हलकं होईन. त्यायचं काय?’’ ती हळू बोलत होती, जवळच्या बायका ऐकतील म्हणून. ‘‘पोरायले सांगत राह्यतेत का आपन अर्ज केला होता, सरकारनं वाचला, नाही म्हटलं. सरकारनं नाही म्हटलं हे त्यायले सोसते. मेवन्यानं नाही म्हटलं हे नाही सोसनार. दुसरं काय राह्यलं त्यायच्यापाशी?’’

मी वाकून कडेला सांडलेला धान आत सारू लागलो.

‘‘माह्या सासऱ्याले तू पोच नाही देल्ली,’’ ती म्हणाली, ‘‘मले कायची मांगतं?’’

आणि ती पुन्हा धानात शिरली.

तिने मला माफ केलं नाही आणि तोडलंही नाही. दिवाळीला मी न्यायला गेलो की येई. राखी बांधे. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. भाऊजी मागच्या वर्षी गेले. पोतं वाहून पाठीचा कणा गेला होता, शेवटी काही वर्षं अंथरुणावरच होते. ते होते तोवर मला हे लिहिता येत नव्हतं. बहीण आहे, पण तिला वाचता येत नाही. तिची पोरं वाचतील. वाचोत.

सांगितलं त्या दिवशी भाऊजींनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मिलच्या मागे चाळीतली एक खोली. भात, भाकरी, आंबील, आणि माझ्यासाठी म्हणून आणलेले मासे. दोन्ही पोरं समोर बसलेली, मोठा दहावीला होता. त्याने शाळेत शिकवलेलं काहीतरी काढलं, नागरिकशास्त्रातलं, की आपल्यावर अन्याय झाला तर अर्ज करता येतो. भाऊजी हसले. म्हणाले, अर्ज तर आपण केला होता, तुझ्या आजोबांनी, तीन गावच्या सह्या. पोराला खरं वाटेना. तो म्हणाला, केला असेल, कोणी पाहिला तरी असेल काय.

‘‘पाह्यला म्हनजे? पूर्न वाचला साहेबानं,’’ भाऊजी म्हणाले आणि त्यांनी उष्ट्या हातानेच माझ्याकडे बोट केलं. ‘‘तुमचा मामा होता तिथं हापिसात. विचार त्याले.’’

पोराने माझ्याकडे पाहिलं. बहीण चुलीपाशी होती, तिची पाठ आमच्याकडे होती आणि भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, ‘‘हो. वाचला होता.’’